बसलेलं दुकान उठायला किती वर्षं लागतात? कॅन्सस स्टेटच्या फुटबॉल टीमचा हिशोब

मागच्या व्हिडिओत आपण तोट्यातलं चालू दुकान विकत घ्यावं की नाही, यावर बोललो. त्यानंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहिला: "सर, बसलेलं दुकान खरंच उठतं का? आणि उठायला किती दिवस लागतात?"

उत्तरासाठी आज बाजारपेठेतलं उदाहरण देत नाही, अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या फुटबॉल टीमचं देतोय. कारण सोपं आहे. दुकानाचा खरा हिशोब कुणी दाखवत नाही. कुणालाही विचारा, "चाललंय चांगलं" हेच उत्तर येणार. खेळात मात्र दर शनिवारी हजारो लोकांसमोर बोर्डावर आकडे लागतात आणि ते शंभर वर्षं जपून ठेवले जातात. तिथे लपवायला जागा नाही.

आधी खेळाबद्दल थोडंसं. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा नाही. अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे लांबुळका चेंडू हातात घेऊन पळायचं, फेकायचं आणि समोरच्यांनी आडवं पाडायचं. कॉलेजांच्या या सामन्यांचं तिथे प्रचंड वेड आहे. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाच्या वर माणसं बसतात, म्हणजे विचार करा. खेळाडू म्हणजे शिकणारी मुलं. आपण ज्या काळाबद्दल बोलणार आहोत त्या काळात त्यांना पगार नसायचा, फक्त शिष्यवृत्ती. आणि एका मुलाला चारच मोसम खेळता यायचं.

हा शेवटचा मुद्दा दुकानदाराच्या डोळ्यांनी बघा. तुमचा सगळ्यात तयार झालेला माणूस, ज्याला तुम्ही काम शिकवलं, तो नियमानेच जाणार. पगार वाढवून थांबवता येत नाही. दर वर्षी स्टाफचा एक हिस्सा जातो आणि दर वर्षी सतरा-अठरा वर्षांच्या पोरांच्या घरी जाऊन, आई-वडिलांसमोर बसून नवी भरती करायची. आता तो पोरगा कुठे जाईल? जिंकणाऱ्या टीमकडे. म्हणजे जिंकणाऱ्याला चांगली मुलं मिळतात म्हणून तो अजून जिंकतो, आणि हरणाऱ्याकडे उरलेली येतात म्हणून तो अजून हरतो. आपल्याकडे होलसेलवाला चालत्या दुकानाला महिनाभराच्या उधारीवर माल देतो आणि बसलेल्या दुकानाकडे रोख मागतो. तेच चक्र. त्यातून बाहेर कसं पडायचं, हा खरा प्रश्न आहे.

५१० वेळा हरलेली टीम

कॅन्सस हे अमेरिकेच्या मधोमध असलेलं शेतीचं राज्य. गहू भरपूर, आणि ज्वारी पिकवण्यात तर देशात पहिला नंबर. तिथे मॅनहॅटन नावाचं एक छोटं गाव आहे. न्यूयॉर्कचं मॅनहॅटन नव्हे, नाव तेवढं सारखं. त्या गावात १८६३ साली स्थापन झालेलं कॅन्सस स्टेट विद्यापीठ आहे.

१९८९ चा मोसम सुरू होण्याआधी या विद्यापीठाच्या फुटबॉल टीमचा खतावणीतला आकडा असा होता: २९९ विजय, ५१० पराभव, ४१ बरोबरी. मोठ्या कॉलेजांमध्ये पाचशे पराभवांचा टप्पा गाठणारी ही पहिली टीम. त्यातही शेवटचे २७ सामने त्यांनी एकही जिंकला नव्हता. २६ हरले, एक बरोबरीत सुटला. १९८९ च्या सप्टेंबरमध्ये 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या देशभर वाचल्या जाणाऱ्या मासिकाने त्यांच्यावर मोठा लेख छापला. त्याच्या मथळ्यात या विद्यापीठाला थेट 'निष्फळतेचं विद्यापीठ' ठरवलं होतं. गावात बदनामी होणं वेगळं आणि देशभर होणं वेगळं.

शेजारही बघा कसा. ते ज्या गटात खेळायचे त्याचं नाव 'बिग एट', म्हणजे आठ विद्यापीठांचा गट. त्यात नेब्रास्का आणि ओक्लाहोमा हे दोन महाकाय. ओक्लाहोमाने १९८५ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं. नेब्रास्का दर वर्षी देशातल्या अव्वल टीम्समध्ये असायची. डी-मार्ट आणि रिलायन्सच्या मधल्या गाळ्यात तुमचं किराणा दुकान असावं, तसा प्रकार. या टीमला बिग एटमधून बाहेर काढावं, किंवा तिने स्वतःच खालच्या पातळीवर जावं, अशी चर्चाही त्या काळात चालू होती. म्हणजे शटर ओढायची भाषा सुरू झाली होती.

प्रयत्न झाले नव्हते असं नाही, आणि त्यातला एक प्रयत्न आपल्या कामाचा आहे. जिम डिकी नावाच्या कोचने १९८१ साली एक डाव टाकला. नियमाप्रमाणे एखाद्या मुलाला एक वर्ष न खेळवता बसवून ठेवलं, तर त्याचं ते वर्ष मोजलं जात नाही, पुढे वापरता येतं. डिकीने आपली बरीच चांगली, अनुभवी मुलं १९८१ ला बाकावर बसवली आणि सगळी ताकद १९८२ साठी राखून ठेवली. जमलं! १९८२ ला टीम विद्यापीठाच्या इतिहासात पहिल्यांदा 'बोल' सामन्यात पोहोचली. बोल म्हणजे मोसमाअखेर चांगल्या टीम्सना निमंत्रण देऊन भरवला जाणारा मानाचा सामना. तो सामना विस्कॉन्सिनविरुद्ध त्या हरल्या, पण पोहोचल्या हेच मोठं होतं.

आणि पुढे? राखून ठेवलेली मुलं शिकून बाहेर पडली. पुढच्या दोन मोसमांत टीमने तीन-तीनच सामने जिंकले. १९८५ च्या सुरुवातीलाच डिकीची नोकरी गेली. त्याच्यानंतरच्या कोचने तीन वर्षांत ३३ सामन्यांपैकी दोन जिंकले.

दिवाळीला सगळं भांडवल एका सेलमध्ये ओतणारे दुकानदार तुम्ही पाहिले असतील. बॅनर, लाइटिंग, दहा दिवस तुफान गर्दी. आणि जानेवारीत रॅक रिकामे, भरायला पैसे नाहीत. डिकी हुशार होता, डावही कायदेशीर होता. पण त्याने एक वर्ष विकत घेतलं ते मागच्या आणि पुढच्या वर्षांच्या पैशाने.

पाच वर्षांचा रोजमेळ

१९८८ च्या शेवटी विद्यापीठाने बिल स्नायडर या माणसाला आणलं. वय ४९. मोठ्या कॉलेजात मुख्य कोच म्हणून कधी काम केलेलं नाही. आयोवा विद्यापीठात हेडन फ्राय या नावाजलेल्या कोचच्या हाताखाली आक्रमणाची बाजू सांभाळायचा. म्हणजे मोठ्या पेढीवरचा जुना, विश्वासू मुनीम. विद्यापीठाचे अध्यक्ष जॉन वेफल्ड मात्र फुटबॉल टिकवायचाच या हट्टाला पेटले होते, आणि ते शेवटपर्यंत स्नायडरच्या पाठीशी राहिले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता निकाल बघा. पहिल्या वर्षी, १९८९ ला, अकरापैकी एक विजय. दुसऱ्या वर्षी पाच. तिसऱ्या वर्षी सात. चौथ्या वर्षी परत पाच. पाचव्या वर्षी, १९९३ ला, नऊ विजय, दोन पराभव, एक बरोबरी, कॉपर बोलचं निमंत्रण, आणि तिथे वायोमिंगवर ५२-१७ असा विजय. विद्यापीठाच्या इतिहासातला पहिला बोल विजय.

तुम्ही म्हणाल, छान, पाच वर्षांत जमलं. मला विचाराल तर या पूर्ण गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वर्ष १९९२ आहे. चौथं वर्ष. तीन वर्षं आकडा वर गेला आणि मग खाली आला. इथे बहुतेक जण गडबडतात. घरचे म्हणतात, "बघ, आम्ही सांगत होतो." भागीदार पैसे मागतो. मालक घाबरून लाइन बदलतो, काल स्टेशनरी तर आज मोबाइल ॲक्सेसरी. वेफल्डनी त्या वर्षी कोच बदलला नाही, आणि स्नायडरने पद्धत बदलली नाही. पुढच्या वर्षी जे झालं ते या न बदलण्यामुळे झालं.

आणि पहिलं वर्षही नीट बघण्यासारखं आहे. पहिले तीन सामने हरले. त्यातला एक तर नॉर्दर्न आयोवा या खालच्या श्रेणीच्या टीमकडून १०-८ असा. विजयाविना सामन्यांची संख्या झाली ३०. मग ३० सप्टेंबर १९८९ ला नॉर्थ टेक्सासविरुद्ध अगदी शेवटच्या चेंडूवर पास झेलला गेला आणि २०-१७ ने सामना जिंकला. जवळजवळ तीन वर्षांनी भवानी झाली! नॉर्थ टेक्सासही खालच्याच श्रेणीतली टीम होती, पण प्रेक्षक मैदानात धावत आले. त्या वर्षातला तो पहिला आणि शेवटचा विजय.

एकच विजय मिळालेल्या त्या वर्षात स्नायडर काय करत होता? दिसायला किरकोळ वाटतील अशी कामं. आल्या आल्या त्याने टीमचं चिन्ह बदललं. जुनं चिन्ह हरण्याशी जोडलं गेलं होतं. विद्यापीठातल्याच एका कलाशिक्षकाकडून जांभळ्या रानमांजराच्या तोंडाचं नवं चिन्ह काढून घेतलं. ते 'पॉवरकॅट' आज त्या गावात पानटपरीवर स्टिकर असावा तितकं सगळीकडे दिसतं. पण चिन्ह बदललं म्हणून जिंकले असं समजू नका. बोर्ड बदलून दुकान चालत असतं तर गावोगावचे पेंटर करोडपती झाले असते. चिन्ह एवढंच सांगत होतं की मालक बदललाय. बाकीचं आत करायचं होतं.

आत त्याने सोळा उद्दिष्टांची एक यादी लावली. बांधिलकी, एकी, कणखरपणा, चुका कमी करणं, हार न पत्करणं, अशी. वाचली तर कुठल्याही शाळेच्या भिंतीवर असते तशी यादी. त्यातलं एक कलम मात्र मला धंद्याच्या दृष्टीने फार कामाचं वाटतं: रोज थोडं सुधारायचं. "आम्हाला चॅम्पियन व्हायचंय" असं ते म्हणत नाही. एका विजयाच्या टीमला चॅम्पियनशिपचं ध्येय दिलं तर पोरं मनातल्या मनात हसतील. काल जो अडथळा सहा सेकंदांत पार केला तो आज थोड्या कमी वेळात केला का, हे मात्र प्रत्येकाला मोजता येतं. तुमच्या दुकानात महिन्याला पन्नास हजारांची विक्री असताना "पाच लाख करायचेत" असं स्टाफला सांगून बघा, आणि "काल किती गिऱ्हाइकं काहीच न घेता परत गेली ते आज मोजू" असं सांगून बघा. दुसऱ्या वाक्यावर संध्याकाळपर्यंत काम सुरू झालेलं असेल.

माणूस स्वतः विचित्रच. दिवसातून एकदाच जेवायचा, रात्री उशिरापर्यंत ऑफिसात. जांभळ्या शाईच्या पेनाने हाताने पत्रं लिहायचा. आपल्या खेळाडूंना तर लिहायचाच, पण समोरच्या टीमच्या जखमी किंवा चांगलं खेळलेल्या मुलांनाही. ती पत्रं मुलं वर्षानुवर्षं जपून ठेवतात. एकदाच जेवण्याचं अनुकरण करू नका बाबांनो. पत्रांचं करायला हरकत नाही.

माल कुठून भरला?

आता येऊ खरेदीवर. हा भाग मी मुद्दाम सावकाश सांगतोय, कारण कमी भांडवलवाल्यांना सगळ्यात जास्त उपयोग याचाच आहे.

देशातली सगळ्यात गाजलेली शाळकरी मुलं कॅन्सस स्टेटला येणारच नव्हती. त्यांच्यासाठी नेब्रास्का, ओक्लाहोमा उभे होते. त्या बोलीत उतरणं म्हणजे वेळ आणि इज्जत दोन्ही घालवणं. स्नायडरने दुसरी मंडई शोधली. अमेरिकेत 'ज्युनियर कॉलेज' म्हणून दोन वर्षांची कॉलेजं असतात. शाळेत मार्क कमी पडले, कुणाच्या नजरेत आलं नाही, अशी मुलं तिथे दोन वर्षं खेळतात आणि मग मोठ्या विद्यापीठात जातात. कॅन्सस राज्यात अशी कॉलेजं भरपूर, आणि त्यांचा फुटबॉलही तगडा. मोठ्या टीम्स तिकडे फारसं बघत नव्हत्या, कारण मुलगा दोनच वर्षं मिळतो. स्नायडरला चालत होतं. वयाने मोठा, मार खाल्लेला, संधीला भुकेला मुलगा, आणि आल्या आल्या मैदानात उतरायला तयार.

टेक्सासच्या ब्लिन या ज्युनियर कॉलेजातून आलेला मायकल बिशप हे त्याचं ठळक उदाहरण. १९९८ साली देशातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या 'हाइझमन' पुरस्कारात तो दुसरा आला. उंची कमी म्हणून मागे पडू शकला असता असा डॅरन स्प्रोल्स कॅन्ससचाच, जेमतेम साडेपाच फूट. २००३ साली गटाच्या अंतिम सामन्यात त्याने २३५ यार्ड पळून काढले. आणि जॉर्डी नेल्सन! मॅनहॅटनजवळच्या रायली गावचा शेतकऱ्याचा पोरगा. शिष्यवृत्तीशिवाय, स्वतःच्या खर्चाने टीममध्ये आला. पुढे व्यावसायिक फुटबॉलची सगळ्यात मोठी स्पर्धा, सुपर बोल, त्यात जिंकणाऱ्या ग्रीन बेच्या टीमकडून तो १४० यार्ड खेळला.

म्हणजे माल हलका नव्हता. मंडई वेगळी होती. इतरांनी न बघितलेल्या मालात चांगलं-वाईट ओळखायची नजर मात्र पाहिजे, आणि ती नजर येते रोज मंडईत गेल्यावर. "स्वस्त मिळालं म्हणून उचललं" आणि "ओळखून उचललं" यात किती फरक आहे, हे ज्यांनी सुरतेहून डोळे मिटून साड्यांचे गठ्ठे आणलेत त्यांना विचारा.

सोप्या गिऱ्हाइकाची किंमत

दुसरी गोष्ट त्याने केली ती सामन्यांच्या वेळापत्रकात. गटातले सामने ठरलेले असतात, ते टाळता येत नाहीत. पण गटाबाहेरचे तीन-चार सामने कुणाशी खेळायचे, हे विद्यापीठ ठरवतं. स्नायडरने तिथे हळूहळू सोपे प्रतिस्पर्धी आणले. मोसमाच्या सुरुवातीलाच दोन-तीन विजय खिशात, घरच्या मैदानावर प्रेक्षक खूश, मुलांना जिंकायची सवय.

यावर खूप टीका झाली. "दुबळ्यांना झोडपून आकडा फुगवतात." मला ही टीका अर्धीच पटते. तीन वर्षं न जिंकलेल्या मुलाला जिंकणं म्हणजे काय असतं हे आधी कळायला हवं ना? पहिल्या वर्षी हॉटेलांच्या मोठ्या टेंडरमागे धावण्यापेक्षा कॉलनीतल्या पन्नास घरांना वेळेवर दूध-किराणा पोचवा, असं मी बॅचमध्ये नेहमी सांगतो. पण टीकेची उरलेली अर्धी बाजू १९९८ ला समोर आली, आणि ती महागात पडली.

१९९८ चा मोसम म्हणजे कॅन्सस स्टेटचं स्वप्नच. गटाबाहेरचे तीन सामने ६६-०, ७३-७ आणि ६२-७ असे जिंकले. मग तीस वर्षं ज्या नेब्रास्काला हरवता आलं नव्हतं तिला ४०-३० ने हरवलं. अकराच्या अकरा सामने जिंकले. कोचेसच्या क्रमवारीत देशात पहिला नंबर! दहा वर्षांपूर्वीचं निष्फळतेचं विद्यापीठ ते हेच.

५ डिसेंबरला गटाचा अंतिम सामना टेक्सास ए अँड एमशी. शेवटच्या भागात १५ गुणांची आघाडी होती. त्याच दिवशी दुसरीकडे यूसीएलएची टीम हरली होती, म्हणजे हा सामना जिंकला की राष्ट्रीय विजेतेपदाची लढत नक्की. आणि आघाडी निसटली. जादा वेळेच्या दुसऱ्या फेरीत ३६-३३ ने हरले.

एका सामन्याची हार समजू शकतो. पुढे जे झालं ते जास्त बोचणारं होतं. क्रमवारीत ते अजूनही तिसरे होते. पण बड्या, पैसेवाल्या बोल सामन्यांच्या आयोजकांनी त्यांना वगळून चौथ्या क्रमांकाच्या ओहायो स्टेटला आणि आठव्या क्रमांकाच्या फ्लोरिडाला निमंत्रण दिलं. नाव मोठं, टीव्हीवर बघणारे जास्त. कॅन्सस स्टेट गेली लहान अलामो बोलमध्ये आणि तिथेही हरली. पुढच्या मोसमापासून तिसऱ्या क्रमांकाच्या टीमला वगळता येणार नाही असा नियम आला. त्याला लोक 'कॅन्सस स्टेट नियम' म्हणतात. स्वतःच्या नुकसानीवरून नियमाला आपलं नाव मिळणं, हा मान कुणाला हवा असतो?

सोप्या प्रतिस्पर्ध्यांमुळेच असं झालं असं सरसकट म्हणता येणार नाही, पण जुनी प्रतिमा आणि हलकं वेळापत्रक या दोन्ही गोष्टी निवडणाऱ्यांना कारण म्हणून पुरल्या असतील. आपल्याकडेही बघा. माल एक नंबर, भाव बरोबर, तरी लग्नाचा बस्ता काढायला लोक शहरातल्या जुन्या नावाच्या दुकानातच जातात. दहा वर्षांचं चांगलं काम ऐंशी वर्षांच्या नावापुढे कधीकधी कमी पडतं. हे आधीच माहीत असलेलं बरं.

तयार केलेली माणसं समोर दुकान टाकतात तेव्हा

बॅचमध्ये हमखास येणारी तक्रार: "सर, पोराला काम शिकवलं, आणि त्याने समोरच गाळा घेतला." स्नायडरचं ऐका. त्याच्याकडे पहिल्या वर्षापासून बॉब स्टूप्स नावाचा तरुण सहायक होता. सात मोसम शिकला, मग फ्लोरिडाला गेला आणि १९९९ ला मुख्य कोच म्हणून आला तो नेमका ओक्लाहोमात. त्याच गटात! येताना त्याने कॅन्सस स्टेटचे तीन सहायक एका झटक्यात उचलले: धाकटा भाऊ माइक स्टूप्स, मार्क मॅन्जिनो आणि ब्रेंट वेनेबल्स. पुढच्याच वर्षी, २००० ला, ओक्लाहोमाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्या मोसमात त्यांनी कॅन्सस स्टेटला दोनदा हरवलं, दुसऱ्यांदा तर गटाच्या अंतिम सामन्यात. मॅन्जिनो पुढे कुठे मुख्य कोच झाला माहितेय? राज्यातल्याच कट्टर प्रतिस्पर्धी कॅन्सस विद्यापीठात.

एवढी माणसं गेल्यावर १९९९ ला कॅन्सस स्टेटचं काय झालं? ११ विजय, एक पराभव. गेलेल्या माणसांची कामं कुणीतरी आधीच शिकत होतं, म्हणून. आणि २००३ च्या डिसेंबरमध्ये गटाच्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा स्टूप्सची ओक्लाहोमा, देशात पहिल्या क्रमांकावर. कॅन्सस स्टेटने ३५-७ ने धुतलं. १९३४ नंतरचं त्यांचं पहिलं गट-विजेतेपद.

सहायक जाण्याचं उत्तर त्याच्याकडे होतं. स्वतः जाण्याचं मात्र नव्हतं. २००४ आणि २००५ ही दोन वर्षं पडतीची गेली आणि स्नायडर निवृत्त झाला. नव्या कोचला तीन वर्षांत १७ विजय आणि २० पराभव. विद्यापीठाने शेवटी ६९ वर्षांच्या स्नायडरलाच परत बोलावलं. २०१२ ला त्याने पुन्हा ११ विजय आणि गटाचं संयुक्त विजेतेपद मिळवून दिलं. २०१८ ला कायमचा थांबला तेव्हा हिशोब होता २१५ विजय, ११७ पराभव, एक बरोबरी. स्टेडियमला आधीच स्नायडर कुटुंबाचं नाव दिलेलं होतं.

लोक परत येण्याच्या भागावर टाळ्या वाजवतात. मला तिथे काळजी वाटते. मालक आजारी पडून दोन महिने गल्ल्यावर बसला नाही आणि विक्री निम्मी झाली, अशी दुकानं मी ढिगाने पाहतो. सोळा उद्दिष्टं भिंतीवर होती, पण कुठल्या मुलाला कधी काय बोलायचं, हे एकाच डोक्यात होतं. निवृत्त होताना आपल्या मुलाने, शॉन स्नायडरने, गादी चालवावी अशी त्याची इच्छा होती. तो तिथेच खेळलेला, तिथेच सहायक होता. विद्यापीठाने ऐकलं नाही. नॉर्थ डकोटा स्टेट या खालच्या श्रेणीत सतत जिंकणाऱ्या टीमचा क्रिस क्लीमन आणला. २०२२ ला त्याने गट जिंकून दाखवला. घरचा वारस की बाहेरचा जाणकार, यावर आपल्याकडे सोन्याच्या पेढ्या फुटल्यात. इथे तरी बाहेरचा निर्णय बरोबर ठरला.

आज कुणी पाच वर्षं देतं का?

"सर, हे जुन्या काळचं झालं," असं तुम्ही म्हणणार, आणि ते खरं आहे. जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात. त्याच वर्षीपासून एक वर्ष बाकावर न बसता दुसऱ्या विद्यापीठात जाता येतं. जुलै २०२५ पासून तर विद्यापीठं सगळ्या खेळांतल्या खेळाडूंना मिळून वर्षाला साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत थेट वाटू शकतात. पूर्वी हातात घडवलेला मुलगा चार वर्षं तरी टिकायचा. आता दर हिवाळ्यात अख्खी टीम बाजारात उभी. ज्याच्याकडे पैसा, त्याची चंगळ.

तरी इंडियाना विद्यापीठाचं बघा. पराभवांच्या यादीत तेही कॅन्सस स्टेटच्याच पंगतीतले. २०२३ ला तीन विजय, नऊ पराभव. कर्ट सिग्नेटी आला आणि पहिल्याच वर्षी ११ विजय, दुसऱ्या मोसमात एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतेपद. मग पाच वर्षांचं गणित खोटं का? सिग्नेटी २०११ पासून मुख्य कोच आहे. आधी पेन्सिल्व्हेनियातलं एक छोटं विद्यापीठ, मग इलॉन, मग जेम्स मॅडिसन. तेरा वर्षं लहान गाळ्यांत त्याने आपली पद्धत बसवली, आणि इंडियानाला येताना जेम्स मॅडिसनची डझनभर मुलं आणि आपला स्टाफ बरोबर घेऊन आला. वर्षं लागलीच. ती दुसऱ्या पत्त्यावर लागली, म्हणून इंडियानाच्या खतावणीत दिसत नाहीत.

म्हणून तोट्यातलं दुकान घेणाऱ्यांना मी दोनच गोष्टी विचारतो. ही वर्षं तुम्ही आधी कुठे काढलीत का, नोकरीत, काकांच्या दुकानात, फेरी मारून? नसतील काढली, तर चौथ्या वर्षी विक्री परत खाली आल्यावर घरभाडं, मुलांची फी आणि बँकेचा हप्ता कुठून जाणार, हे आज कागदावर लिहिलंय का? स्नायडरच्या मागे एक वेफल्ड होता. तुमच्या मागे कोण, ते नाव लिहा. बायको असेल, भाऊ असेल, किंवा बाजूला ठेवलेली अठरा महिन्यांची रक्कम असेल.

कॅन्सस स्टेटमध्ये २०२५ च्या डिसेंबरमध्ये क्लीमनही निवृत्त झाला. जागेवर आला कॉलिन क्लाइन, म्हणजे २०१२ च्या त्या विजेत्या टीमचा स्नायडरच्या हाताखालचा मुख्य खेळाडू. मध्ये काही वर्षं बाहेर काम करून परत आलाय. बघू काय करतो ते.

पुढच्या व्हिडिओत स्टाफला कामं लिहून देण्याची वही कशी बनवायची ते दाखवणार आहे: माल उतरवून घेण्यापासून रात्री गल्ला मोजण्यापर्यंत. शंभर पानी वही आणि दोन रंगांची पेनं घेऊन बसा. जांभळंच पाहिजे असं काही नाही.